पन्हा मोठा, पोत विरळ
गेमिंगचा मॉनिटर घेणाऱ्या पालकांसाठी चार गोष्टी

कापड घ्यायला आलेले गिऱ्हाईक आधी थान उलगडायला लावते. कापड चिमटीत धरून चोळते, उजेडाकडे धरून पाहते, रंग जाईल का ते विचारते आणि मग भाव करते. अकोल्यात कापड विकण्यात आमचे आयुष्य गेले; या परीक्षेचा आम्हाला कधी राग आला नाही. परंतु हेच गिऱ्हाईक, आणि त्याला माल दाखवणारे आम्ही व्यापारीसुद्धा, मुलासाठी संगणकाचा मॉनिटर घ्यायला जातो तेव्हा डब्यावरचे आकडे पाहून पैसे मोजतो. आम्ही स्वतः तसेच केले, म्हणून हे लिहीत आहोत.

पाच वर्षांपूर्वी आमच्या थोरल्या मुलाने गेमिंगचा मॉनिटर मागितला. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले; डब्यावरचे बारीक इंग्रजी वाचण्याचा आम्हाला कंटाळा. दुकानदार म्हणाला, "सेठ, हा २७ इंची, १४४ हर्ट्झचा." मोठा तो चांगला असे समजून आम्ही घेतला. घरी लावला तर अक्षरे खरखरीत दिसू लागली आणि खेळात पूर्वीपेक्षा काहीच फरक नाही. महिन्याभराने मुलाच्या मित्राने पाहिले तेव्हा उलगडा झाला. संगणकातले ग्राफिक्स कार्ड साधे होते आणि सेटिंग ६० वरच राहिले होते. दुकानदार खोटे बोलला नव्हता. आम्हीच विचारले नव्हते.

म्हणून पहिली गोष्ट ही, की मॉनिटरच्या आधी घरचा संगणक पाहावा. मॉनिटर चित्र तयार करीत नाही, फक्त दाखवतो. चित्र तयार करते ग्राफिक्स कार्ड. १४४ हर्ट्झ म्हणजे पडदा एका सेकंदात १४४ वेळा नवे चित्र दाखवू शकतो. ६० हर्ट्झवर एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते, १४४ वर सुमारे ७. नेमबाजीच्या आणि शर्यतीच्या खेळात हा फरक डोळ्यांना कळतो. तेथून २४० वर गेले तर ७ चे ४.२ होतात; पैसे बरेच वाढतात, फरक थोडा पडतो. आणि कार्ड सेकंदाला ५० चित्रेच देत असेल तर सर्वच आकडे व्यर्थ. सूतच कमी पडले तर वेगवान माग घेऊन काय करायचे?

कार्डाचा आणि पडद्याचा वेग जुळला नाही की चित्र मधूनच फाटल्यासारखे दिसते. त्यावर एनव्हिडिया कंपनीने २०१३ साली जी-सिंक आणि एएमडीने २०१५ साली फ्रीसिंक आणले. आज कमी किमतीच्या मॉनिटरमध्येही फ्रीसिंक मिळते. ते आहे का, आणि आपल्या कार्डावर चालेल का, हे विचारून घ्यावे.

दुसरी गोष्ट आपल्या धंद्यातली आहे. इंचात किती धागे, यावर कापडाचा पोत ठरतो; इंचात किती ठिपके, यावर पडद्याचा. फुल एचडी म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके. २४ इंची पडद्यावर इंचाला ९२ ठिपके येतात. तेच ठिपके २७ इंचांवर ताणले की ८२ उरतात. पन्हा मोठा झाला, पोत विरळ झाला. आम्ही घेतलेला माल नेमका हाच. २७ इंचांवर २५६० बाय १४४० घेतले तर इंचाला १०९ ठिपके मिळतात, पण एकूण ठिपके २१ लाखांवरून ३७ लाखांवर जातात आणि कार्डावर तितके ओझे वाढते. फोर-के म्हणजे ८३ लाख. म्हणून साध्या कार्डाला २४ इंची फुल एचडी हाच शहाणपणाचा सौदा.

तिसरी गोष्ट पॅनेलची. टीएन पॅनेल वेगवान, पण बाजूने पाहिले की रंग फिके पडतात. व्हीएमध्ये काळा रंग गडद, मात्र अंधाऱ्या दृश्यात हलत्या वस्तूमागे सावली ओढली जाते. आयपीएसचे रंग सर्व बाजूंनी सारखे दिसतात. खेळ, अभ्यास आणि जरीकामाचे नक्षीकाम अशी तिन्ही कामे एकाच पडद्यावर करायची असतील तर आयपीएस बरे. ओएलईडी सर्वांत देखणे, पण महाग. शिवाय एकच चित्र तासन् तास राहिले तर त्याचा डाग पडू शकतो.

डब्यावरचा "१ मिलिसेकंद" हा आकडा बहुधा सर्वांत ताणलेल्या सेटिंगवर मोजलेला असतो. "एचडीआर ४००" ही त्या प्रमाणपत्राची सर्वांत खालची पायरी. खळ चढवलेले कापडही पहिल्या धुण्यापर्यंत कडकच असते.

चौथी गोष्ट व्यवहाराची. दुकानात मॉनिटर लावून मागावा. पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा पडदा पाहावा. मेलेले ठिपके किती असल्यास बदलून मिळेल, हमी किती वर्षांची, कोणती केबल सोबत आहे, हे आधी ठरवावे. बऱ्याच मॉनिटरना ४० अंशांपर्यंतच्याच खोलीत चालवायची मर्यादा असते. आपल्या वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. खिडकीच्या उन्हापासून तो दूर ठेवावा.

पक्के बिल घ्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरील मॉनिटरचा जीएसटीही २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. मात्र मुलाच्या खेळाचा मॉनिटर दुकानाच्या खात्यात लिहून इनपुट क्रेडिट घेऊ नये; तो हिशेब चुकीचा आहे. "बिनव्याजी" हप्त्यांबद्दलही सावध राहावे. शून्य टक्के व्याज असे काही नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते. रोख भाव आणि हप्त्यांची बेरीज दोन्ही कागदावर मांडली की व्याज कोठे लपले ते दिसते. व्याजापासून दूर राहू पाहणाऱ्यांनी तर हे अवश्य करावे.

काही बांधव म्हणतील, मुलांना खेळायला पडदा द्यावाच का? वेळेचे बंधन हवे, हे आम्हाला मान्य. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ २०२५ च्या कायद्याने बंद केले. त्यांना घरात थारा नकोच. पण बाकी खेळ नाकारले तर मुलगा मोबाईलच्या वीतभर पडद्यात डोळे घालून बसतो. त्यापेक्षा घरातला, सर्वांसमोरचा पडदा बरा.

यंदा धाकट्याने मॉनिटर मागितला. या वेळी आम्ही त्यालाच विचारले, "तुझे कार्ड किती चित्रे देते?" तो हसून म्हणाला, "अब्बा, तुम्ही तर पूर्ण तपासणीच सुरू केली." दुकानात तासभर बसून २४ इंची आयपीएस घेतला आणि वाचलेले पैसे कार्डात घातले. घरी आल्यावर सेटिंग ६० वरून १४४ वर आम्ही स्वतः करून घेतले. जुना २७ इंची दुकानात आणला आहे. त्यावर कॅमेऱ्याची चित्रे दिसतात. तेवढ्या कामाला तो पोत चालतो.