ज्येष्ठांसाठी तालमीचे दार उघडावे

पुण्याच्या मानाच्या पाच गणपतींपैकी तिसरा, बुधवार पेठेतील गुरुजी तालमीचा. तेथील मूळ तालीम आज उरलेली नाही. नाव मात्र टिकून आहे. पेठांतील तालमींनी तरुणांची मनगटे घडविली. आता त्या विद्येची खरी गरज त्याच पेठांतील आजी-आजोबांना आहे.

पडणे ही म्हातारपणी किरकोळ बाब नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून दगावतात आणि त्यांत साठीपुढील लोक सर्वाधिक असतात. जुन्या वाड्यांचे उभे लाकडी जिने, अंधारे बोळ, अप्पा बळवंत चौकातील गर्दी यांची धास्ती घेऊन वृद्ध घरातच बसतात. बसून राहिल्याने पाय दुबळे होतात आणि पडण्याचा धोका आणखी वाढतो. ‘जपून चाला’ या उपदेशाने हे चक्र तुटत नाही.

ते कशाने तुटते? ताई ची ही मूळची चिनी युद्धकला. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात सत्तरीपुढील ६७० व्यक्तींवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तोल सांभाळण्यासाठी बेतलेली ताई ची आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे शिकविली गेली. केवळ अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांच्या तुलनेत या गटात पडण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी आढळले. गुडघे किंचित वाकवून शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर संथपणे नेणे, हे त्यातील मर्म.

आपल्या लाठीकाठीच्या पवित्र्यांतही पाय रोवणे, वळणे आणि भार बदलणे आहेच. परंतु ‘आमच्याकडे हे पूर्वीपासून होते’ एवढ्या अभिमानाने कोणाचे हाड मोडायचे वाचत नाही. सिद्ध झालेली पद्धत आधी स्वीकारावी आणि आपल्या पवित्र्यांचीही तशीच कसोटी घ्यावी. स्वदेशीचा अभिमान कसोटीला भीत नाही.

यासाठी फार खर्च लागत नाही. मंडळाचे सभागृह, आधारासाठी खुर्ची, जाणता शिक्षक आणि आठवड्यातून दोन तास पुरेत. चक्कर येणाऱ्यांनी आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा, इतके पथ्य पाळावे. उत्सवाचे दहा दिवस दणाणणाऱ्या मंडळांनी उरलेल्या वर्षात एवढे केले, तर तालीम हे नाव सार्थ होईल.