पाऊस का रुसला? मुलांना अर्धं उत्तर नको

ऑगस्ट २०२३. पाथर्डी तालुक्यातली आमची शाळा. महिना सरत आला तरी पाऊस नाही. कुंपणापलीकडच्या बाजरीनं माना टाकलेल्या. चौथीच्या वर्गाला परिसर अभ्यासाच्या तासाला मी सहज विचारलं, "पाऊस का पडत नाही रे?" सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "झाडं तोडली म्हणून!"

मागच्या रांगेतला एक मुलगा मात्र गप्प होता. सुट्टीत तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, आमच्या पप्पांनी बांधावरची बाभूळ तोडली. आमच्यामुळं पाऊस गेला का?"

मला बोलायला सुचेना. कारण ते उत्तर मीच शिकवलेलं होतं.

शिक्षक मित्रांनो, झाडं लावायलाच हवीत. ती माती धरतात, पाणी मुरवतात, सावली देतात. पण मान्सून आपल्या गावात येणार की नाही, हे बांधावरची एक बाभूळ ठरवत नाही. आपला जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीला ढग डोंगरावर रिकामे होतात, आणि पाथर्डी, कर्जत, जामखेडला उरलंसुरलं येतं. ही झाली जवळची गोष्ट. दुसरं कारण मात्र हजारो किलोमीटर लांब, प्रशांत महासागरात आहे.

एरवी तिथले वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात आणि गरम पाणी इंडोनेशियाच्या बाजूला ढकलून ठेवतात. तिथली हवा तापून वर चढते, ढग बनतात. काही वर्षी हे वारे मंदावतात. मग गरम पाणी पेरू देशाच्या दिशेनं सरकतं आणि हवा वर चढण्याची जागाही त्याच्यामागं जाते. आपल्या बाजूला हवा खाली दबते, ढग नीट वाढत नाहीत. यालाच एल निनो म्हणतात. हे नाव पेरूच्या कोळ्यांनी दिलेलं. नाताळच्या सुमारास पाणी गरम व्हायचं म्हणून "बाळ येशू".

हे कोडं सुटायला सुरुवात झाली तीही भारतातल्या दुष्काळामुळं. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळानंतर, १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर भारतीय हवामान खात्याचे प्रमुख झाले. मान्सूनचा अंदाज बांधता यावा म्हणून त्यांनी जगभरच्या नोंदी तपासल्या. त्यांना दिसलं की प्रशांत महासागरावर हवेचा दाब वाढला की हिंदी महासागरावर कमी होतो, आणि उलटही. अगदी मैदानातल्या सी-सॉसारखं!

वर्गात हे दाखवायला खर्च नाही. परातीत पाणी घ्या, वर लाकडाचा भुसा पसरा, एका बाजूनं पुठ्ठ्यानं वारा घाला. भुसा पलीकडच्या काठाला जमतो. वारा थांबवा, तो परत पसरतो. पृथ्वीचा गोल शेजारी ठेवला की मुलांना पटतं.

पण इथंही अर्धं उत्तर नको. एल निनो म्हणजे दरवेळी दुष्काळ, असं नाही. १९७२ ला एल निनो होता आणि महाराष्ट्र होरपळला. १९९७ चा एल निनो त्याहून जोरदार, तरी देशाचा पाऊस सरासरीइतका झाला. २०१९ ला हिंदी महासागराची पश्चिम बाजू नेहमीपेक्षा बरीच गरम होती आणि देशात सरासरीपेक्षा जास्त पाऊस पडला. २०२३ चा ऑगस्ट मात्र १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. म्हणजे एल निनोमुळं धोका वाढतो, निकाल लागत नाही. शक्यता आणि खात्री यांतला हा फरक चौथीच्या मुलांनाही कळतो, फक्त आपण सांगायला हवा.

पालकहो, तुमच्याकडूनही मदत हवी आहे. घरी आजोबा नक्षत्राचं वाहन बेडूक आहे की कोल्हा हे बघत असतील. त्यांची चेष्टा नको. त्यांनाच १९७२ बद्दल विचारायला मुलांना सांगा. आमच्या वर्गानं विचारलं. कुणाच्या आजीनं खडी फोडली होती, कुणाच्या आजोबांनी पाझर तलावावर माती वाहिली होती. तो तलाव आजही गावात आहे! मुलं तो बघायला गेली तेव्हा मला वाटलं, खरा धडा इथं आहे. प्रशांत महासागराला कुणी आवरू शकलं नाही, पण आलेलं पाणी अडवायची जागा लोकांनी करून ठेवली.

आपल्याच जिल्ह्यातलं हिवरे बाजार हेच करतं. पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि मग पिकं ठरवायची. शाळेतही हे जमतं. सरळ कडांची बाटली, एक पट्टी आणि रोज सकाळी ठरलेल्या वेळी नोंद. आमचा तक्ता आता तिसऱ्या वर्षात आहे.

त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी परात दाखवली. म्हटलं, "पाऊस तुमच्यामुळं गेला नाही, बाळा. पण आला तर थांबवायचा कसा, ते आपल्या हातात आहे." त्यानं भुसा तीनदा ढकलून बघितला. मग म्हणाला, "मॅडम, बांधावर परत झाड लावू का?"

लाव की! पण अपराधी वाटून नको, पाणी मुरावं म्हणून लाव.