क्रमांक नसलेली रांग

टेलिफोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणारी पिढी आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर किंवा त्यापलीकडे आहे. अर्ज करावयाचा, अनामत भरावयाची, प्रतीक्षायादीतील क्रमांकाची पावती कपाटात जपून ठेवावयाची आणि मुलगी लग्नाची झाली तरी घरात घंटा वाजावयाची नाही, असा तो व्यवहार होता. १९९४ चे राष्ट्रीय दूरसंचार धोरण जाहीर झाले तेव्हा देशात सुमारे ८० लाख टेलिफोन होते आणि सुमारे २५ लाख अर्जदार रांगेत उभे होते. १९९७ पर्यंत मागेल त्याला टेलिफोन देण्याचे जे आश्वासन त्या धोरणाने दिले, त्यामागे या यादीचे ओझे होते. रांग लांब होती, परंतु ती मोजलेली होती. आणि जे मोजले जाते त्याबद्दल राज्यकर्त्यांना उत्तर द्यावे लागते.

आज खेड्यापाड्यांतील हजारो घरे वेगवान इंटरनेटसाठी अशीच ताटकळत आहेत. फरक एवढाच की, या रांगेला क्रमांक नाही. चौकशी करणाऱ्याला ‘आपल्या भागात सेवा उपलब्ध नाही’ एवढेच सांगितले जाते आणि तो माणूस जणू कधी आलाच नव्हता असे समजून व्यवहार पुढे चालू राहतो. अर्ज स्वीकारण्याची सोय क्वचित असते, नाही असे नाही. पण कोणत्या गावात किती अर्ज किती दिवस पडून आहेत, हे कोणी नियमाने प्रसिद्ध करीत नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरण दरमहा ग्राहकांची संख्या जाहीर करते. ज्यांना ग्राहक होता आले नाही त्यांची संख्या त्यात नसते. पैसे देण्याची तयारी असूनही ज्याला विक्रेताच मिळत नाही, अशा माणसाची मागणी बाजाराच्या हिशेबात उमटत नाही, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. सरकारी नियोजनाने मात्र या त्रुटीलाच पुरावा मानले आहे. मागणी नोंदलेली नाही, तेव्हा मागणी नसावी, असा हा तर्क.

मागणी नाही हे म्हणणे किती फसवे आहे हे पाहण्यासाठी फार दूर जावयास नको. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतातील पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करावयाची, अशी ती व्यवस्था. प्राथमिक शिक्षकाला पटावरील प्रत्येक मुलाची माहिती यू-डायसच्या संगणकीय नोंदीत भरावी लागते. अभियांत्रिकी प्रवेशाच्या फेऱ्या, स्पर्धा परीक्षांचे अर्ज, शिष्यवृत्त्या, ग्रामपंचायतीचे हिशेब, रेशन दुकानातील अंगठ्याचे यंत्र, यांपैकी काहीही आता कागदावर होत नाही. यातला प्रत्येक निर्णय स्वतंत्रपणे पाहिला तर शहाणपणाचाच आहे. मधले दलाल कमी व्हावेत, हेलपाटे वाचावेत, बोगस नोंदी थांबाव्यात, हे हेतू चांगलेच होते. परंतु निरनिराळ्या खात्यांनी निरनिराळ्या वेळी घेतलेल्या या निर्णयांची बेरीज अशी झाली की, इंटरनेट ही वस्तू ऐच्छिक राहिली नाही. शासनाने वापराची सक्ती केली आणि पुरवठा मात्र बाजाराच्या मर्जीवर सोडला.

या विसंगतीची किंमत कोणी तरी चुकवतच असते. अर्जाची मुदत आज संपते आहे आणि गावात जोडणी नाही, म्हणून विद्यार्थी एस.टी.ने तालुक्याला जातो. जाण्यायेण्याचे भाडे, सेवा केंद्राचे शुल्क, आणि सोबत बाप असेल तर त्याचा एक दिवसाचा रोज. पहिल्या दिवशी ‘सर्व्हर’ बंद निघाला तर हे सारे दुप्पट. अंगठा न उमटल्याने रेशन दुकानातून रिकाम्या हाताने परतणाऱ्या म्हातारीचा हेलपाटाही याच खात्यात मांडला पाहिजे. या रकमा कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाहीत. तरी तो एक प्रकारचा करच आहे, आणि तो जो जितका दुर्गम भागात राहतो त्याला तितका अधिक भरावा लागतो. जगात कोणत्याही अर्थमंत्र्याने उघडपणे असा कर बसविण्याचे धाडस केले नसते.

यावर एक ठरावीक उत्तर असते: प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, मग घरापर्यंत वेगळी तार कशाला? आकडे वरवर या उत्तराच्या बाजूने आहेत. २०२४ च्या अखेरीस देशात ब्रॉडबँडच्या सुमारे ९४ कोटी जोडण्या होत्या आणि त्यांपैकी तारेने आलेल्या जेमतेम ४ कोटींच्या आसपास. परंतु ब्रॉडबँड कशाला म्हणावयाचे, हेही पाहिले पाहिजे. २००४ च्या धोरणात सेकंदाला २५६ किलोबिटची सेवा ब्रॉडबँड ठरली. २०१३ मध्ये ही मर्यादा ५१२ किलोबिट झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये २ मेगाबिट. या व्याख्येत बसणारी जोडणी एका मुलाला एक तास ऐकविण्यास कशीबशी पुरते. दोन भावंडांचे वर्ग आणि आईचे बचतगटाचे काम एकाच वेळी आले की तिचा जीव संपतो. शिवाय मोबाइलच्या मनोऱ्याची क्षमता सर्वांत वाटली जाते. डोंगराच्या आडोशाला असलेल्या वाडीच्या वाट्याला तर तीही येत नाही. २०२० च्या टाळेबंदीत कोकणातील मुले माळावर आणि डोंगरमाथ्यावर जाऊन अभ्यास करीत होती, त्या वेळी त्यांच्याकडे मोबाइल नव्हता असे नाही.

सरकारला हे कळत नव्हते असेही म्हणता येणार नाही. ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडण्याच्या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०११ मध्ये मान्यता दिली. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती, प्रत्येकीला सेकंदाला १०० मेगाबिट, आणि मुदत दोन वर्षांची, असा तो संकल्प होता. २०१५ मध्ये योजनेचे नाव ‘भारतनेट’ झाले. पहिल्या एक लाख पंचायतींचा टप्पा डिसेंबर २०१७ मध्ये पुरा झाला. दुसऱ्या टप्प्यात काही राज्यांनी काम स्वतःकडे घेतले. महाराष्ट्राचे ‘महानेट’ त्यांतलेच. १५ ऑगस्ट २०२० रोजी लाल किल्ल्यावरून एक हजार दिवसांत सहा लाख गावे जोडण्याची घोषणा झाली. ते हजार दिवस मे २०२३ मध्ये संपले आणि त्यानंतर तीनच महिन्यांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर करावा लागला. मूळ अंदाज सुमारे वीस हजार कोटींचा होता.

दिरंगाईपेक्षाही या इतिहासात चिंताजनक गोष्ट आहे ती यशाच्या मोजमापाची. पंचायतीच्या कचेरीत यंत्र बसले की गाव ‘सेवेस सज्ज’. विजेच्या बाबतीत हा प्रकार या देशाने पूर्वी पाहिलेला आहे. १९९७ पर्यंत गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कामासाठी वीज वापरली गेली की ते गाव विद्युतीकरण झालेले मानले जाई; शिवारातला एक पंप चालला की सारे गाव कागदावर उजळत असे. २००४ मध्ये व्याख्या बदलून किमान दहा टक्के घरांत वीज पोचण्याची अट आली, तेव्हा कोठे अंधार किती आहे ते दिसू लागले. इंटरनेटच्या बाबतीत ते शहाणपण अद्याप यावयाचे आहे. पंचायतीची कचेरी दुपारी बंद होते, वीज गेली की बॅटरी तग धरीत नाही, रस्ता रुंद करणाऱ्या किंवा नळाचा चर खणणाऱ्या यंत्राने तार तोडली की ती जोडण्याची जबाबदारी कोणाची यावर पत्रव्यवहार सुरू होतो. आणि हे सारे सुरळीत असले तरी कचेरीपासून घरापर्यंतचे अंतर उरतेच. कोकणातल्या वाड्या, मराठवाड्यातले तांडे, सातपुड्यातले पाडे ही काही पंचायतीच्या भिंतीला लागून वसलेली नसतात.

येथे खाजगी कंपन्यांना दूषणे देण्याचा मोह पुष्कळांना होतो, आणि तो टाळलेला बरा. शहरातील एका गल्लीत टाकलेल्या तारेवर पन्नास ग्राहक मिळत असतील तर तेवढ्याच लांबीच्या तारेवर वाडीत पाच मिळतील. खर्च तोच, वाटेकरी दहा पट कमी. जून २०२१ मध्ये केंद्राने १६ राज्यांसाठी खाजगी भागीदारीची योजना आखली आणि तूट भरून काढण्यासाठी १९,०४१ कोटी रुपये देऊ केले. तरीही कंपन्यांचा प्रतिसाद मिळाला नाही व तो बेत सोडून द्यावा लागला. महाराष्ट्र त्या सोळांत नव्हता, पण धडा सर्वांसाठीच आहे. जेथे बाजार अनुदान घेऊनही येत नाही, तेथे सार्वजनिक खर्चाला पर्याय नाही.

हा खर्च म्हणजे खेड्यांवर उपकार, असाही एक सूर शहरी चर्चेत ऐकू येतो. वस्तुस्थिती अशी की, सार्वत्रिक सेवेचा निधी २००२ पासून अस्तित्वात आहे आणि दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित उत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम त्यासाठी आकारली जाते. कंपन्या ती शेवटी ग्राहकांकडूनच वसूल करतात. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने या निधीला ‘डिजिटल भारत निधी’ असे नाव दिले. म्हणजे वाडीवरचा शेतमजूर आपल्या मोबाइलमध्ये पैसे भरतो तेव्हा, त्याच्या घरी कधी तरी येणार असलेल्या तारेचा हप्ता तो वीस वर्षांहून अधिक काळ भरीतच आला आहे. आगाऊ पैसे घेतलेल्या विक्रेत्याने माल केव्हा देणार हे सांगावे, एवढी अपेक्षा काही अवाजवी नव्हे.

ब्रिटनमध्ये मार्च २०२० पासून नागरिकाला सेकंदाला किमान १० मेगाबिटची जोडणी मागण्याचा कायदेशीर हक्क आहे. अर्ज केल्यावर तीस दिवसांत कंपनीने उत्तर द्यावयाचे आणि खर्च ३,४०० पौंडांच्या आत असेल तर जोडणी स्वखर्चाने करावयाची. ही व्यवस्था निर्दोष नाही. खर्च त्याहून अधिक झाला की वरची रक्कम अर्जदाराने भरावयाची असते आणि एकाकी शेतघरांना तो आकडा ऐकून गप्प बसावे लागते. भारतात तेवढा खर्च आज झेपणाराही नाही. पण त्या कायद्यातील एक गोष्ट पैशांवाचून उचलता येण्याजोगी आहे: अर्जाची नोंद आणि उत्तराची मुदत.

२०२३ च्या सुधारित कार्यक्रमात चांगल्या गोष्टी आहेत. तार एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहावी अशी वर्तुळाकार रचना, दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद, पाच वर्षांत ग्रामीण भागात दीड कोटी घरगुती जोडण्या, ही उद्दिष्टे पूर्वीच्या चुका ओळखून ठरविलेली दिसतात. पंचायतीचे मुख्यालय नसलेल्या सुमारे ३ लाख ८० हजार गावांना मात्र ‘मागणीनुसार’ जोडणी मिळावयाची आहे. सारा प्रश्न या एका शब्दापाशी येऊन अडतो. मागणी कोणी नोंदवावयाची, कोणाकडे, आणि नोंदविल्यावर किती दिवसांत उत्तर मिळणार? मागणी नोंदविण्याचे काम संगणकावरूनच करावयाचे असेल, तर ज्याच्याकडे जोडणी नाही त्यानेच जोडणीवरून अर्ज करावा असा विनोद त्यातून निष्पन्न होईल.

दीड कोटी जोडण्या पाच वर्षांत, म्हणजे दरमहा सरासरी अडीच लाख. त्यांपैकी प्रत्येक तालुक्याच्या वाट्याला किती आल्या, किती अर्ज किती महिन्यांपासून पडून आहेत, तुटलेली तार किती तासांत जोडली गेली, हे आकडे पंचायत समितीच्या फळ्यावर खडूने लिहिता येतील इतके साधे आहेत. ग्रामसेवकाने कागदावर अर्ज घ्यावा, क्रमांक घालून पावती द्यावी आणि प्रत्येक ग्रामसभेत यादी वाचून दाखवावी. या कामाला फायबर लागत नाही, निविदा लागत नाही. एक वही पुरते.