हरारे हे घर नव्हते

'संगीताला सीमा नसतात' हे वाक्य आमच्या परिचयाच्या रसिकांना फार प्रिय आहे. आजवर आम्ही त्याला विरोध केला नाही, कारण ते बहुधा गाणे संपल्यानंतर आणि चहा येण्यापूर्वी उच्चारले जाते, आणि अशा वेळी वाद घालणे असभ्यपणाचे दिसते. परंतु या वाक्याला पुरावा म्हणून जेव्हा पॉल सायमनचा १९८७ सालचा 'ग्रेसलँड' दौरा पुढे केला जातो, तेव्हा मात्र स्वस्थ बसवत नाही. हा पुरावा चुकीच्या पक्षकाराने सादर केलेला आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ज्यांना या प्रकरणाची पार्श्वभूमी ठाऊक नाही त्यांच्यासाठी ती थोडक्यात सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर १९८० मध्ये ठराव करून जगातील लेखक-कलावंतांना वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेवर सांस्कृतिक बहिष्कार घालण्याचे आवाहन केले होते. १९८४ मध्ये सायमनच्या हाती तिथल्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतील ॲकॉर्डियन-संगीताची एक कॅसेट आली. तो तिच्यावर लुब्ध झाला आणि फेब्रुवारी १९८५ मध्ये थेट जोहान्सबर्गला जाऊन तिथल्या वादकांसह सुमारे दोन आठवडे ध्वनिमुद्रण करून आला. निघण्यापूर्वी हॅरी बेलाफाँटेने त्याला सुचवले होते की आफ्रिकन नॅशनल काँग्रेसशी आधी बोलून घे. सायमन न बोलता गेला. ऑगस्ट १९८६ मध्ये अल्बम बाजारात आला, पुढे त्याला वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचे ग्रॅमी मिळाले, आणि १९८७ च्या आरंभी या अल्बमचा दौरा निघाला. सोबत गिटारवर रे फिरी, बेसवर बकिती खुमालो, जोसेफ शबलालाचा लेडीस्मिथ ब्लॅक माम्बाझो हा गायकवृंद. आणि मूळ अल्बममध्ये ज्यांचा एकही स्वर नव्हता असे दोघे, मिरियम मकेबा आणि ह्यू मासेकेला.

गेल्या वर्षी लोकसाहित्याच्या तासाला आम्ही विद्यार्थ्यांना या दौऱ्यातील हरारेच्या कार्यक्रमाचे चित्रण दाखवले. (आम्हां दोघांची या संगीताशी ओळख विद्यार्थिदशेत, दोन हजार सालाच्या आगेमागे, मित्राने उतरवून दिलेल्या सीडीवर झाली. तेव्हा आम्हांलाही तेच प्रिय वाक्य पाठ होते, हे कबूल केले पाहिजे.) फेब्रुवारी १९८७, झिंबाब्वेतील रुफारो स्टेडियम. याच मैदानावर एप्रिल १९८० मध्ये, त्या देशाच्या स्वातंत्र्यसोहळ्यात, बॉब मार्ली गायला होता. काळे-गोरे प्रेक्षक उन्हात एकत्र नाचताहेत, असे ते दृश्य. वर्ग खूष होता. दिवे लागल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, हे सगळे दक्षिण आफ्रिकेचे ना? ती तर शेजारीच आहे. मग हे लोक घरी जाऊन का नाही गात?"

आम्ही जी व्याख्याने तयार करून नेली होती, त्यांत या प्रश्नाचे उत्तर नव्हते, आणि प्रश्न तर सगळ्यांत सोपा होता. मिरियम मकेबा १९५९ मध्ये देशाबाहेर पडली. पुढल्या वर्षी आईच्या अंत्यविधीसाठी परतायला निघाली तेव्हा तिला कळले की आपला पासपोर्ट रद्द झालेला आहे. १९६३ मध्ये ती संयुक्त राष्ट्रांच्या समितीसमोर आपल्या देशाच्या राजवटीविरुद्ध बोलली. त्यानंतर तिच्या गाण्यांवरही तिथे बंदी आली. मासेकेला शार्पव्हिलच्या १९६० मधील हत्याकांडानंतर बाहेर पडला. हरारेला ही दोघे उभी होती तेव्हा त्यांच्या परागंदा अवस्थेला पाव शतकाहून अधिक काळ लोटला होता. सीमा शेजारीच होती, आणि संगीताला ती ओलांडता आली नाही.

मासेकेलाने त्या दौऱ्यात नेल्सन मंडेलांच्या सुटकेची मागणी करणारे आपले गाणे म्हटले. मकेबाने सोवेटोतील १९७६ च्या विद्यार्थ्यांच्या उठावावरचे गाणे म्हटले. शेवटी सर्वांनी मिळून इनॉक सोन्टोंगाने १८९७ मध्ये रचलेली आफ्रिकेसाठीची प्रार्थना गायिली. तिचे शोना भाषेतील रूप तेव्हा झिंबाब्वेचे राष्ट्रगीत होते, आणि सीमेपलीकडे तीच प्रार्थना वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्यांचे गीत होती. एकच चाल नदीच्या उत्तरेला सरकारी इतमामाने वाजत होती आणि दक्षिणेला ती म्हणणाऱ्यावर पोलिसांची नजर होती. या संध्याकाळीतून राजकारण वजा करा आणि मग काय उरते ते सांगा. उत्तम बेसवादन उरेल, हे आम्ही मान्य करतो.

येथे सायमनचे कैवारी म्हणतील की मग तर तो निर्दोषच ठरला. इतक्या लवकर नाही. एप्रिल १९८७ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलबाहेर या दौऱ्याविरुद्ध निदर्शने झाली; जेरी डॅमर्स, बिली ब्रॅग, पॉल वेलर या ब्रिटिश संगीतकारांनी सायमनला निषेधाचे पत्र दिले. त्यांना चक्रम ठरवण्याची आता प्रथा पडली आहे. ते चक्रम नव्हते. बहिष्कार हे दुबळ्यांचे शस्त्र आहे आणि त्याची सगळी धार अपवाद न करण्यात असते, हे निदान भारतीयांना तरी समजावून सांगावे लागू नये. दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा पहिला देश आपला, आणि तोही १९४६ साली. १९७४ मध्ये डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोचूनही भारताने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध खेळण्यास नकार दिला आणि चषक सोडून दिला. 'खेळाला सीमा नसतात' असे म्हणून तो सामना खेळला असता तर आज आपल्याकडे एक चषक अधिक असता. त्याची खंत करणारा मनुष्य आम्हांला अद्याप भेटलेला नाही.

मासेकेलाची बाजू वेगळी होती आणि ती आम्हांला अधिक विचार करायला लावते. ज्यांच्यासाठी बहिष्कार पुकारला त्या कृष्णवर्णीय वादकांचाच आवाज या बहिष्काराने बाहेर पोचू नये, हे त्याला मान्य नव्हते. लेडीस्मिथ ब्लॅक माम्बाझोचे गायन ज्या परंपरेतून आले ती खाणी-कारखान्यांच्या वसतिगृहांतली आहे. घरापासून दूर, एका खोलीत कोंबलेले मजूर शनिवारी रात्री वाद्यांवाचून गात, आणि पाळतीवरच्या पहारेकऱ्यांना चाहूल लागू नये म्हणून पावले अलगद टाकत, असे सांगतात. ती हलकी पावले आज त्या नृत्याचे सौंदर्य म्हणून ओळखली जातात. जगाने हे ऐकूच नये, असे आम्हीही म्हणणार नाही.

म्हणजे ज्यांच्यावर अन्याय होत होता त्यांच्यातच दोन मते होती. अशा वेळी बाहेरून येणाऱ्याचे कर्तव्य काय? आमच्या मते एकच: विचारणे. बेलाफाँटेने तेवढेच सुचवले होते. कृष्णवर्णीय वादकांच्या संघटनेची आपल्या येण्याला संमती होती, असे सायमन सांगत आला. आम्ही ते खोटे मानत नाही. तो तिथे रंगमंचावर गायला नाही, फक्त ध्वनिमुद्रण केले. सन सिटीची आमंत्रणे त्याने नाकारली होती. वादकांना न्यूयॉर्कच्या दराच्या तिप्पट मोबदला दिला. हे सारे त्याच्या जमेला धरू. परंतु एखाद्या राजकीय पक्षाची परवानगी मागणे म्हणजे कलावंताच्या स्वातंत्र्याचा संकोच, ही जी त्याची धारणा होती, तिच्यात एक सोयीस्कर विसर आहे. त्याने उतरवून घेतलेले वादक संध्याकाळ झाली की अस्वस्थ होत, कारण अंधार पडल्यावर जोहान्सबर्गच्या रस्त्यावर असण्यासाठी त्यांना परवाना लागे. परवानगीवाचून वावरण्याचे स्वातंत्र्य त्या स्टुडिओत ज्याला होते, त्यानेच परवानगीला अपमान मानावे, हे आम्हांला खटकते.

मोबदल्याचा उल्लेख झालाच आहे, तर सॉलोमन लिंडाचाही करू. १९३९ मध्ये त्याने जोहान्सबर्गमध्ये 'म्बुबे' ध्वनिमुद्रित केले, दहा शिलिंगांना हक्क विकले, आणि १९६२ मध्ये तो दारिद्र्यात वारला. ते गाणे 'द लायन स्लीप्स टुनाइट' होऊन जगभर फिरले. वारसांना तडजोडीने पैसे मिळाले ते २००६ मध्ये. या इतिहासाच्या तुलनेत सायमनचे वर्तन निश्चितच सभ्य आहे: कित्येक गाण्यांवर शबलाला आणि इतरांची नावे सहरचनाकार म्हणून आहेत. (लॉस एंजेलिसच्या लॉस लोबोस या वाद्यवृंदाची मात्र तक्रार आहे की त्यांच्या धुनेला श्रेय मिळाले नाही.) तरीही अल्बमवर नाव एकाचे आणि दौरा त्या नावाचा. अल्बमचे शीर्षक तरी कशावरून, तर मेम्फिसमधल्या एल्व्हिस प्रेस्लीच्या घरावरून. आणि एल्व्हिस कोणाच्या संगीतावर मोठा झाला, हा पुन्हा स्वतंत्र लेखाचा विषय. असो.

आमच्या अभ्यासक्रमात फडके-खांडेकर वाद अजून शिकवला जातो: कला कलेसाठी की जीवनासाठी. विद्यार्थी दोन्ही बाजू लिहून शेवटी 'समन्वय साधला पाहिजे' असे म्हणतात आणि आम्ही गुण देतो. 'ग्रेसलँड' दौऱ्याबद्दल असाच समन्वय आता रूढ झाला आहे: थोडा वाद झाला, पण अखेर संगीत जिंकले. आमचा आक्षेप या 'अखेर'ला आहे. मकेबा आणि मासेकेला १९९० मध्ये मायदेशी परतले ते अल्बमच्या खपामुळे नव्हे; मंडेला सुटले, आणि त्यामागे कित्येक दशकांचे लढे, संप, निर्बंध, आणि होय, बहिष्कारही होते. सायमन स्वतः जोहान्सबर्गमध्ये गायला तो जानेवारी १९९२ मध्ये, संयुक्त राष्ट्रांनी सांस्कृतिक बहिष्कार उठवल्यानंतर आणि आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या पाठिंब्याने. तेव्हाही जहाल गटांनी विरोध केला आणि दौऱ्याशी संबंधित कचेरीवर हातबॉम्ब पडले. पण या खेपेस त्याने विचारले होते.

अल्बमला पंचवीस वर्षे झाल्यावर, २०१२ मध्ये, जो बर्लिंजरचा माहितीपट आला. त्यात सायमन डाली टाम्बोला भेटतो. डाली हा ऑलिव्हर टाम्बोंचा मुलगा, आणि ब्रिटनमध्ये कलावंतांची बहिष्कार-चळवळ उभारणाऱ्यांपैकी एक. दोघे समोरासमोर बसून आपापली बाजू मांडतात आणि शेवटी गळाभेट होते. पुढच्या तासाला आम्ही वर्गाला हा प्रसंग दाखवला. बहुतेकांना गळाभेट आवडली. त्या मुलीने मात्र विचारले की मकेबा का दिसत नाही. ती २००८ मध्येच गेली, असे आम्ही सांगितले. कुठे, हेही तिने विचारले. इटलीत, कार्यक्रमात गाऊन रंगमंचावरून उतरल्यानंतर.