खड्डा खणण्याआधी माळ पाहू या

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत आम्ही पंधरा-वीस मित्रांनी बारामती तालुक्यातल्या एका गायरानावर झाडं लावली. जुम्म्याच्या नमाजनंतर ठरलं आणि रविवारी खड्डे खणले. गुलमोहर, ग्लिरिसिडिया, जे मिळालं ते लावलं आणि स्टेटसला फोटो ठेवले. मेंढरं घेऊन आलेले एक धनगर बाबा म्हणाले, "पोरांनो, गवत का उपटताय? मेंढरांनी खायचं काय?" आम्ही हसलो. पुढच्या उन्हाळ्यात बहुतेक रोपं वाळली. खड्ड्यांभोवतीचं गवतही पुन्हा नीट आलं नाही.

मेहनतीत कसूर नव्हती, समज चुकली होती. निसर्ग म्हणजे दाट झाडी, असं आपण धरून चालतो. बारामती-इंदापूर हा पर्जन्यछायेचा प्रदेश आहे. इथलं खरं रान म्हणजे गवताळ माळ आणि मधून एखादी हिवर, बोर. चिंकारा, लांडगा, खोकड याच माळावर जगतात. चिंकाऱ्यासाठी सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, पण ते जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. बाकी सगळा भार इंदापूरच्या कडबनवाडीसारख्या माळांवर आणि गावोगावच्या गायरानांवर आहे. इंग्रजांनी महसूल न देणाऱ्या जमिनीला 'पडीक' ठरवलं. तो शब्द अजून आपल्या तोंडातून जात नाही.

कुणी म्हणेल, झाड लावणं तर सदका आहे. आहेच. पण ती हदीस पुन्हा वाचा. लावलेल्या झाडातून, पेरलेल्या पिकातून माणूस, पक्षी, जनावर जे खातं, तो सदका. भर खाणाऱ्यावर आहे. गवत मोडून लावलेल्या गुलमोहराचं चिंकाऱ्याला काय?

आपल्या परंपरेत 'हिमा' आहे, म्हणजे सर्वांच्या हितासाठी राखून ठेवलेलं कुरण. हजरत उमर (रजि.) यांनी अशा कुरणाच्या राखणदाराला बजावलं होतं, की थोड्या उंट-मेंढ्या असलेल्या गरिबाला आत येऊ दे आणि श्रीमंतांचे कळप दूर ठेव. त्यांची जनावरं मेली तरी त्यांच्याकडे शेती आणि खजुराच्या बागा आहेत, गरिबाकडे काही नाही. माळ राखायचा आणि गरिबाचा हक्कही राखायचा, या दोन्ही गोष्टी त्यात एकत्र आहेत. आम्ही त्या दिवशी दोन्ही विसरलो.

मग काय करायचं? झाडं लावायचीच तर कब्रस्तानात लावा, तिथे सावली हवीच असते. माळावर आधी मेंढपाळांना विचारा. ग्रामसभा आणि वन विभागाच्या संमतीने वेडी बाभूळ काढा. पावसाळा संपला की मारवेल, पवना यांचं बी गोळा करा आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर टाका. उन्हाळ्यात वणव्यावर लक्ष ठेवा. याचे फोटो फारसे चांगले येणार नाहीत.

एक गोष्ट मात्र सलते. आपण ग्रामसभेला जातो ते बहुतेक कब्रस्तानाच्या भिंतीसाठी. गायरानाचा विषय निघाला की उठून येतो, जणू ते दुसऱ्या कुणाचं आहे. संविधानाच्या कलम 51-अ मध्ये वनं, वन्यजीव जपण्याचं आणि प्राणिमात्रांवर दया करण्याचं कर्तव्य प्रत्येक नागरिकाचं आहे. हक्क मागताना आपण नागरिक असतो, तर माळ राखतानाही असलं पाहिजे. पुढच्या ग्रामसभेत गायरानाचा विषय येईल, तेव्हा बसून राहा. आणि त्या बाबांना आधी बोलू द्या.