वहीतील नोंद



गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा नातू चोपड्यास आला होता. येताना जळगावकडील एका खडीच्या खाणीवरून त्याने मुठीएवढा दगड आणला. बाहेरून काळा, आत पोकळी, आणि त्या पोकळीत फिकट गुलाबी, मधोमध बांधलेल्या पेंढीसारखे स्फटिक. "नाना, हे रत्न आहे का? याची किंमत किती?" असे त्याने विचारले. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसास किमतीचा प्रश्न नवा नाही. परंतु वस्तू कोणती हे कळल्याखेरीज तिची किंमत बोलू नये, एवढे त्या नोकरीने शिकविले आहे. आम्ही दोघे पुस्तके काढून बसलो.

तो दगड निघाला स्टिल्बाइट. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थरावर थर पसरले. थंड होताना त्यांत वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्या पोकळ्यांतून झिरपलेल्या खनिजयुक्त पाण्याने हे स्फटिक घडविले. या कुळास झिओलाइट म्हणतात. तापविले असता यातून पाण्याची वाफ उसळते, म्हणून 1756 साली क्रोनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने ग्रीक भाषेच्या आधारे त्यास 'उकळणारा दगड' या अर्थाचे हे नाव दिले. स्टिल्बाइट मऊ असतो, काचेहूनही मऊ; त्यामुळे अंगठीत तो टिकत नाही. तथापि संग्राहकांना त्याचे मोल आहे. 'मिनरॉलॉजिकल रेकॉर्ड' या अमेरिकन नियतकालिकात 2003 साली बर्थोल्ड ऑटेन्स यांनी दख्खनच्या खनिजांवर विस्तृत लेखन केले. जळगाव आणि सावदा ही आपली नावे परदेशातील संग्राहकांच्या चिठ्ठ्यांवर आढळतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात तर हे वैभव प्रत्यक्ष पाहावयास मिळते.

त्या चिठ्ठीविषयी येथे विशेष सांगावयाचे आहे. संग्राहकाच्या प्रत्येक नमुन्यासोबत एक चिठ्ठी असते: खनिजाचे नाव, सापडल्याचे ठिकाण, मिळाल्याचा दिनांक. चिठ्ठी हरवली की नमुन्याचे मोल उतरते, कारण खनिजाचे नाव ग्रंथ पाहून पुन्हा ठरविता येते, परंतु ठिकाण कोणताही ग्रंथ सांगू शकत नाही. हे नातवास समजावून सांगत असता मला आमच्या घरातील एका खड्याची आठवण झाली. त्या खड्याचीही चिठ्ठी हरवली होती.

माझ्या आजोबांच्या बोटात पिवळ्या खड्याची अंगठी असे. त्यांच्या पश्चात घरात सर्वजण तिला 'पुखराजाची अंगठी' म्हणू लागले. 1968 साली वाटण्या झाल्या तेव्हा आडतीचे दुकान मोठ्या काकांकडे गेले. माझ्या वडिलांनी रोख रकमेतील काही हिस्सा सोडून ती अंगठी घेतली आणि ते धुळ्यास गेले. अकरा वर्षांनी बहिणीच्या लग्नाच्या वेळी ती विकावयास काढली. सराफाने खडा कोंदणातून काढला, प्रथम हवेत आणि मग पाण्यात बुडवून तोलला व शांतपणे म्हणाला, "शेठजी, हा पुखराज नव्हे, सुनेला आहे."

वडिलांची समजूत झाली की भावाने जाणूनबुजून फसविले. त्यांनी तसे बोलून दाखविले नाही. केवळ बोलणे थांबविले. संवत्सरीनंतर काकांचे क्षमापना-पत्र दरवर्षी येई. वडील ते वाचून कपाटात ठेवीत, उत्तर पाठवीत नसत. 1996 साली वडील गेले, तोवर अशी सतरा पत्रे साठली होती.

पुढे 2003 साली चोपड्याच्या जुन्या वाड्याची दुरुस्ती निघाली आणि माळ्यावरून आजोबांच्या वह्या खाली आल्या. त्या महाजनी लिपीत होत्या; ती वाचणारे घरात एकटे काकाच उरले होते. वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी भिंग लावून त्यांनी ती ओळ मला वाचून दाखविली: पिवळा खडा, सुनेला, नग एक, मुंबईहून, आणि पुढे माफकशी रक्कम. आजोबांनी खोटे लिहिले नव्हते, कुणास खोटे सांगितलेही नव्हते. सुनेल्याचा पुखराज आम्हीच केला होता. काका बराच वेळ त्या पानावर हात ठेवून बसले. मग म्हणाले, "वही तर माळ्यावरच होती रे." यापलीकडे ते काही बोलले नाहीत.

खड्यांचे ग्रंथ हा आपल्या समाजास परका विषय नाही. अल्लाउद्दीन खिलजीच्या काळात दिल्लीत ठक्कुर फेरू नावाचे श्रीमाळी जैन गृहस्थ राजसेवेत होते. बादशाही खजिन्यातील रत्ने त्यांनी प्रत्यक्ष पाहिली होती. विक्रम संवत 1372 मध्ये, म्हणजे इ.स. 1315 साली, त्यांनी आपल्या मुलासाठी 'रयणपरिक्खा' हा ग्रंथ प्राकृतात रचला. पूर्वसूरींचे रत्नशास्त्र त्यांनी आधारास घेतलेच, शिवाय लाल, अकीक, पिरोजा या पारशी देशांतून येणाऱ्या खड्यांचीही दखल घेतली आणि त्या वेळचे बाजारभाव नोंदविले. तीन वर्षांनी नाण्यांच्या परीक्षेवर 'द्रव्यपरीक्षा' लिहिली. या ग्रंथांचे हस्तलिखित अगरचंद व भंवरलाल नाहटा यांना कोलकात्यात सापडले आणि 1961 साली जोधपूरहून ते छापले गेले. बापाने मुलास अनुभव लिहून दिला, म्हणून सात शतकांनंतर तो आपल्यापर्यंत आला.

आजच्या वाचकासाठी बी. डब्ल्यू. अँडरसन यांचे 'जेम टेस्टिंग' (1942), रॉबर्ट वेब्स्टर यांचे 'जेम्स' (1962) आणि वॉल्टर शुमन यांचे सचित्र 'जेमस्टोन्स ऑफ द वर्ल्ड' ही पुस्तके मान्यता पावलेली आहेत. आरंभ शुमनपासून करावा. मराठीत विश्वकोशातील खनिजे व रत्ने यांवरील नोंदी भरवशाच्या आहेत. पुस्तक घेताना एक कसोटी लावावी: त्यात प्रत्येक खड्याची कठिनता, विशिष्ट गुरुत्व आणि प्रकाशाचा वक्रीभवनांक हे आकडे दिलेले असावेत. केवळ रंगीत चित्रे आणि ग्रहांची फळे असतील तर ते परीक्षेच्या कामाचे नाही. पिवळा रंग पुखराजाचाही असतो, सुनेल्याचाही असतो आणि काचेचाही.

आकड्यांचा उपयोग कसा होतो, हे आमच्या सराफाच्या तराजूवरूनच पाहू. पुखराजाचे विशिष्ट गुरुत्व सुमारे 4.0, सुनेल्याचे 2.65. सुटा खडा हवेत 2 ग्रॅम भरला, तर पाण्यात बुडविल्यावर पुखराज 1.50 ग्रॅम भरेल आणि सुनेला सुमारे 1.25 ग्रॅम. नाजूक तराजू असलेल्या कोणत्याही पेढीवर हे पाच मिनिटांत होते. मात्र 1902 पासून व्हेर्न्यूल यांच्या पद्धतीने कृत्रिम माणिक आणि त्यापाठोपाठ कृत्रिम नीलम व पुखराज घडविले जाऊ लागले. त्यांचे गुरुत्व नैसर्गिक खड्याइतकेच असते. तेथे तराजूची मर्यादा संपते आणि प्रयोगशाळेचा दाखला घ्यावा लागतो.

बँकेत सोनेतारण कर्ज देताना आम्ही खड्यांचे वजन वजा करून निव्वळ सोने धरीत असू. खड्याचे मोल आमच्या लेखी शून्य. अनेक माताभगिनींच्या चेहऱ्यावर त्या वेळी दुखावल्याची छटा मी पाहिली आहे. परंतु दाखल्यावाचून त्यांना देण्यासारखे उत्तर माझ्यापाशी नसे.

अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत 'प्रतिरूपक व्यवहार' सांगितला आहे: असलाच्या नावाने नक्कल देणे. आमच्या घरात ते कुणी हेतुपुरस्सर केले नाही. ते अज्ञानाने घडले, आणि दोन सख्ख्या भावांमधील सतरा वर्षे त्यात गेली. म्हणून विनंती इतकीच की, येत्या दिवाळीस वहीपूजनाच्या वेळी घरातील खड्यांसाठी एक पान राखावे. नाव, वजन, कोठून आला, केव्हा, काय दराने, दाखला असल्यास त्याचा क्रमांक. आणि हे सर्व मुलांना वाचता येईल अशा लिपीत लिहावे. ठाऊक नसेल तेथे 'पिवळा खडा' एवढेच लिहावे. तेही सत्यच आहे.

नातवाने आपल्या दगडाची चिठ्ठी स्वतः लिहिली: स्टिल्बाइट, जळगाव जिल्हा, खडीची खाण, दिनांक. किमतीच्या जागी त्याने लिहिले, 'विकायचा नाही'.