भांड्यासारखं कार्डही वाजवून घ्यावं

मैत्रिणींनो, मागच्या खेपेला आपण वाळवणांबद्दल बोललो. आजचा विषय पाहून तुम्ही म्हणाल, ‘हिला झालं तरी काय? कुरडयांवरून एकदम कॉम्प्युटर!’ पण आता तोही घरातलाच झालाय. मिक्सर अडला तर आपण बघतो, मग कॉम्प्युटर अडला की ‘बाबांना विचार’ असं का म्हणायचं?

आमच्याकडचा कॉम्प्युटर 2014 सालचा. ह्यांच्या ऑफिसनं जुनं सामान काढलं तेव्हा स्वस्तात मिळालेला, चौथ्या पिढीचा इंटेल आय-5. लेकीनं यंदा इंटिरियर डिझाइनच्या डिप्लोमाला प्रवेश घेतला आणि घराचे त्रिमितीय आराखडे काढायचं सॉफ्टवेअर त्यावर चालेना. आराखड्यातली भिंत जरा फिरवली की पडदा गोठायचा. मग ती रोज मैत्रिणीकडे जाऊन काम करायची नि रात्री साडेनऊला परतायची. तोवर माझा जीव टांगणीला! हे म्हणाले, “नवा घ्यायचा तर पुढच्या वर्षी बोनसवर बघू.” पण अभ्यास काही पुढच्या वर्षापर्यंत थांबत नाही.

माझ्या अर्धवेळ नोकरीतून मागे टाकलेले दहा हजार रुपये होते. ठरवलं, नवा कॉम्प्युटर नाही तर नाही, निदान ग्राफिक्स कार्ड तरी घालू या.

हे कार्ड म्हणजे काय, ते आपल्या भाषेत सांगते. प्रोसेसर म्हणजे घरची गृहिणी. तिच्याकडे हाताखालची एक पोरगी असते, पण तिला स्वतःचा ओटा नसतो. ती गृहिणीच्याच ओट्यावर जागा मागून घेते. चित्र काढायची ती अंगभूत सोय. कार्ड म्हणजे पोळ्यांना लावलेली पट्टीची बाई. तिचं पोळपाट-लाटणं तिचं स्वतःचं, म्हणजे कार्डाची मेमरी वेगळी. घरात पंगत असेल तरच अशी बाई लावायची. दोघांच्या स्वयंपाकाला कशाला?

म्हणून आधी दुखणं कुठं आहे ते ओळखा. काम अडत असताना विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडा आणि ‘परफॉर्मन्स’मध्ये बघा. डिस्क सारखी शंभर टक्क्यांवर असेल तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा. मेमरी भरत असेल तर रॅम वाढवा. या दोन्ही गोष्टी ठीक असून जीपीयूच शंभरावर गेला, तरच कार्डाचा विचार करा. आमच्याकडे एसएसडी आणि 8 जीबी रॅम आधीच होती. अडत होता तो जीपीयूच.

आता माझी फजिती ऐका. ऑनलाइन एका विक्रेत्याकडे ‘जीटीएक्स 1050 टीआय, 4 जीबी’ असं कार्ड बत्तीसशे रुपयांना दिसलं. त्याच्या पाठीला आमच्या जुन्या मॉनिटरची निळी व्हीजीए वायर बसेल असं भोकही होतं. मला वाटलं, देवच पावला! कार्ड आलं, बसवलं, कॉम्प्युटरनं नावही बरोबर दाखवलं. पण सॉफ्टवेअर सुरू केलं की पाच मिनिटांत सगळं बंद. आमच्या इथल्या दुरुस्तीवाल्या मुलानं ‘जीपीयू-झेड’ हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम चालवला, तर स्पष्ट दिसलं, कार्ड बनावट! आत कुठली तरी जुनीपुराणी चिप आणि तिला नाव मात्र नवं शिकवलेलं. तो म्हणाला, “काकू, ते निळं भोक बघूनच ओळखायला हवं होतं. खऱ्या 1050 टीआयमधून व्हीजीएचा सिग्नल निघतच नाही.” म्हणजे ज्या गोष्टीला मी भुलले, तीच खोटेपणाची खूण!

विक्रेता उत्तर देईनासा झाला. आठ दिवस मी घरात कुणाला बोलले नाही. लेकीला वाटत होतं, तिलाच काही जमत नाही. बिचारी रोज नवे प्रयोग करून बघायची. शेवटी तिचा उतरलेला चेहरा बघवेना, तेव्हा रात्री जेवताना सगळं सांगून टाकलं. हे गप्प बसले. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, “अगं, बोहारणीकडून पातेलं घेताना आपण वाजवून बघतो. हे का नाही वाजवलंस?” त्या बोलण्यात टोमणा नव्हता, पण ते मनात रुतून बसलं.

दुसऱ्या वेळी मग सगळं वाजवून घेतलं. माझी ही यादी तुम्हीही वहीत लिहून ठेवा.

पहिलं, वीज. कार्डाला मदरबोर्डच्या खाचेतून जास्तीत जास्त 75 वॅट मिळतात. जुन्या ऑफिसच्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय बेताचाच असतो आणि वेगळी वायरही बहुधा नसते. तेव्हा वेगळी वायर न लागणारंच कार्ड बघा. 2016 चं 1050 टीआय आणि 2019 चं जीटीएक्स 1650 यांची बरीच मॉडेलं अशी आहेत. 1650 च्या काहींना मात्र सहा टाचण्यांची वायर लागते, म्हणून नावावर न जाता वस्तू डोळ्यांनी बघा.

दुसरं, माप. डबा उघडून पट्टी लावा. सडपातळ डब्यात जेमतेम सात सेंटिमीटर उंचीचं ‘लो प्रोफाइल’ कार्डच मावतं. ब्लाउजपीस घेताना आपण पन्हा बघतो ना, तसंच.

तिसरं, एकाच नावाचे दोन माल. जीटी 1030 हे कार्ड जीडीडीआर 5 आणि डीडीआर 4 अशा दोन मेमऱ्यांत निघालं. दुसऱ्याच्या मेमरीचा वेग पहिल्याच्या निम्म्याहूनही कमी. खोक्यावर नाव तेच! जीटी 710 तर घेऊच नका. त्यानं पडद्यावर चित्र दिसेल, पण काम हलकं व्हायचं नाही.

चौथं, नवं ते जुन्याला मानवेलच असं नाही. 2022 चं आरएक्स 6400 कमी विजेचं आहे, पण मदरबोर्डशी ते चारच पदरी रस्त्यानं बोलतं. जुन्या मदरबोर्डवर तो रस्ता मुळातच संथ, म्हणून तिथं ते मागं पडतं. इंटेलच्या आर्क ए 380 ला ‘रिसायझेबल बार’ नावाची सोय लागते, ती जुन्या यंत्रांत सहसा नसते.

पाचवं, पुढची सोय. 1050 टीआय आणि 1030 यांच्या पिढीला एनव्हिडियानं ऑक्टोबर 2025 नंतर नेहमीचे नवे ड्रायव्हर थांबवून फक्त सुरक्षेपुरते चालू ठेवले. 1650 त्यांच्या पुढच्या पिढीतलं, म्हणून मी त्याच्यावर बोट ठेवलं. कोरंच हवं असेल आणि पैसे असतील, तर 2024 चं आरटीएक्स 3050, 6 जीबीवालं, 70 वॅटमध्ये चालतं.

सहावं, चालवून बघणं. दुकानातच कार्ड लावायला सांगा, जीपीयू-झेड उघडा आणि पंधरा मिनिटं जड काम चालवा. पडद्यावर रेघा, ठिपके येतात का, पंखा खरखरतो का ते बघा. बिल घ्या आणि त्यावर कार्डाचा नंबर लिहून घ्या.

माझं वापरलेलं 1650 बासष्टशेला पडलं आणि जुन्या मॉनिटरसाठी एचडीएमआयचं व्हीजीए करणारा कन्व्हर्टर चारशेला. बत्तीसशे आधीच बुडाले होते, म्हणजे डब्यात उरले दोनशे! घरी बसवताना पडदा काळाच, तेव्हा पुन्हा छातीत धस्स झालं. पण चूक माझीच: मॉनिटरची वायर अजून जुन्याच जागी लावलेली होती. ती कार्डाला लावायची असते, हे विसरू नका. आणि डबा उघडण्याआधी प्लग काढायचा, हे सांगायला नकोच.

एक खरं सांगते. कार्डानं कॉम्प्युटर तरुण होत नाही. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि विंडोज 11 ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. कार्ड घालून ते बदलत नाही. म्हणून जुन्या यंत्रावर किती खर्च करायचा याची रेघ आधीच मारून ठेवा. मी एवढाच विचार केला, की उद्या नवा कॉम्प्युटर आला तर हेच कार्ड त्यात जाईल.

लेक आता घरीच काम करते. पहिला आराखडा तिनं आमच्याच स्वयंपाकघराचा काढला आणि ओटा चार बोटं उंच केला. म्हणाली, “आई, तुला वाकावं लागतं ना!”

बनावट कार्ड मी टाकलेलं नाही. पैशांच्या डब्यात, त्या दोनशेंच्या खाली ठेवलंय. पुन्हा कुठं स्वस्ताईला भुलले, तर आधी तेच हाताला लागेल!